पहिल्या सीझनची तिसरी रेस हळू का झाली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 41, सांगलीकडचे, बँकेत नोकरी. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलात, दोन वर्षांपासून पळताय, गेल्या वर्षी रोड बाइक घेतली. पहिल्याच सीझनमध्ये ऑलिम्पिक अंतराच्या तीन ट्रायथलॉन केल्या, म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणं. डिसेंबरात तलावात 3 तास 36 मिनिटं 50 सेकंद. जानेवारीअखेर धरणाच्या पाण्यात 3:28:45. मार्चमध्ये समुद्रात 3:32:50. आठवड्याला नऊ-दहा तास देऊनही तिसरी रेस दुसरीपेक्षा चार मिनिटं हळू झाली, म्हणून तुम्ही विचारताय: माझी प्रगती थांबली का? पळणं वाढवू, की टाइम ट्रायलची, म्हणजे पुढे वाकून हवा कमी अडेल अशी चालवायची, सायकल घेऊ? पुढच्या वर्षी गोव्याची हाफ, म्हणजे ऑलिम्पिकच्या दुपटीहून लांब असलेली आयर्नमॅन 70.3, करायचीय, ती झेपेल का?

तुम्ही पोहणं, सायकल, पळणं आणि मधल्या दोन्ही ट्रान्झिशन (एक प्रकार संपवून पुढच्याची तयारी करण्याचा वेळ) यांच्या वेगवेगळ्या वेळा, घड्याळातली अंतरं आणि नाडीचे आकडे दिलेत, हे फार बरं केलंत. निम्मे लोक नुसता शेवटचा आकडा देतात आणि त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तुमचे आकडे पाहून मी दोन गोष्टी ठामपणे सांगू शकतो. तुमची प्रगती थांबलेली नाही. आणि पळण्यात जे बिघडतंय, ते तुम्ही सायकलवर बिघडवताय.

आधी पोहण्याचं बघू, कारण तिथे घड्याळाने तुम्हाला सरळ सरळ फसवलंय. डिसेंबरात 46 मिनिटं, जानेवारीत 41:10, मार्चमध्ये पुन्हा 44. वरवर पाहता मागे गेलात. पण तुमच्याच घड्याळात डिसेंबरचं अंतर 1,640 मीटर आहे, जानेवारीचं 1,560 आणि मार्चचं 1,780. भागाकार करा. डिसेंबरात 100 मीटरला 2:48, जानेवारीत 2:38, मार्चमध्ये 2:28. तीन महिन्यांत दर 100 मीटरमागे 20 सेकंद कमी झाले! मनगट पाण्याखाली जात असल्यामुळे घड्याळाचं जीपीएस पोहताना थोडंफार चुकतं, मार्ग दाखवणारे आयोजकांचे तरंगते बोयेही पट्टी लावून टाकलेले नसतात आणि खाऱ्या पाण्यात शरीर जरा जास्त तरंगतं. हे सगळं वजा केलं तरी दिशा स्पष्ट आहे. समुद्रात तुम्ही वेगात पोहलात, फक्त वाकडं पोहलात. 280 मीटर जादा म्हणजे तुमच्या वेगाने जवळजवळ सात मिनिटं.

विहिरीत शिकलेल्या माणसांचं मला नेहमी एक दिसतं. पाठीला डबा बांधून, काठावरून कुणीतरी ढकलून ज्यांची सुरुवात झाली, त्यांना खोल पाण्याची भीती नसते. ही मोठी जमेची बाजू, स्विमिंग पूलमध्ये शिकलेली माणसं तिच्यासाठी वर्षवर्ष झगडतात. पण विहिरीत डोकं वर ठेवूनच पोहायची सवय लागते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग तुम्ही पाण्यातून जाण्याऐवजी पाणी ढकलत बसता. समोरचा बोया शोधायला तुम्ही मान पूर्ण वर काढत असणार, आणि दर वेळी शरीर तिरकं होऊन दिशा पुन्हा बिघडत असणार. त्याऐवजी मगरीसारखं करा. फक्त डोळे पाण्याच्या रेषेवर, तेही क्षणभर, आणि श्वास मात्र नेहमीसारखा बाजूला वळूनच. बोया दिसला नाही तर थांबू नका, पुढच्या सहा हातांनंतर पुन्हा बघा. बोया लाटेत लपतो, म्हणून त्याच्या मागचं काहीतरी उंच हेरून ठेवायचं: माड, टॉवर, देवळाचा कळस, जे असेल ते.

पूलमध्ये याचा एक सोपा प्रयोग आहे. रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून दहा हात मारा आणि डोळे उघडा. बहुतेकांना आपण एकाच बाजूला सरकतो हे पहिल्यांदा तिथे कळतं. मी स्वतः डावीकडे जातो, कारण उजवा हात जास्त ओढतो. आपली बाजू कळली की रेसमध्ये त्या अंदाजाने सुधारता येतं. उघड्या पाण्यातला सराव मात्र एकट्याने कधीही नको, सोबत माणूस आणि कमरेला रंगीत तरंगता बोया हवाच. पावसाळ्यात नदी आणि धरणाकडे फिरकू नका. तुम्हाला कृष्णाकाठी हे सांगायला नको, पण वाचणारे सगळेच काठावरचे नसतात.

आता खरा मुद्दा.

तुमची नुसती दहा किलोमीटरची पळण्याची वेळ नोव्हेंबरमध्ये 54 मिनिटं होती, सरासरी नाडी 168. ट्रायथलॉनमध्ये त्याच दहा किलोमीटरला डिसेंबरात 1 तास 12 मिनिटं, जानेवारीत 1:20 आणि मार्चमध्ये 1:21:30 लागली. सायकलनंतर पळणं हळू होणारच. मी ज्यांना शिकवतो त्यांच्यात पहिल्या वर्षी नुसत्या पळण्यापेक्षा दहा ते पंधरा टक्के जास्त वेळ लागला तर मी काही बोलत नाही. तुमच्या हिशेबाने ते 60 ते 62 मिनिटं झालं. तुम्हाला 80 लागतायत. वीस मिनिटं जातायत कुठे?

सायकलच्या रकान्यात बघा. डिसेंबर: 1 तास 28 मिनिटं, नाडी 149. जानेवारी: 1:20:30, नाडी 162. मार्च: 1:21, नाडी 163. आता नोव्हेंबरच्या पळण्याशी ताडून पाहा. पूर्ण जोर लावून जवळजवळ तासभर पळताना तुमची नाडी 168 होती. तेवढ्याच जोराला सायकलवर नाडी साधारण पाच ते दहा ठोक्यांनी कमी असते, कारण सायकलवर शरीराचं वजन सीट उचलते. म्हणजे सायकलवर तुम्हाला जेमतेम तासभर टिकेल असा जोर 160 च्या आसपास येतो. जानेवारीत आणि मार्चमध्ये तुम्ही त्याच्याही वर ऐंशी मिनिटं सायकल मारलीत, आणि मग म्हणता पळताना पाय उचलेनात! तुम्ही उतरलात तेव्हा पायात काही शिल्लकच नव्हतं.

आणि एवढं करून मिळालं काय? डिसेंबर आणि जानेवारी शेजारी ठेवा. सायकलवर साडेसात मिनिटं वाचली, पळताना आठ मिनिटं गेली. जानेवारीत एकूण वेळ आठ मिनिटांनी कमी झाली, त्याचं श्रेय खरं तर पोहण्याला आणि ट्रान्झिशनला आहे.

सायकलचा हिशेब असा उलटा का बसतो, ते समजून घेण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 27.3 किलोमीटरवरून 29.8 वर जाणं म्हणजे वेगात नऊ टक्के वाढ, पण त्यासाठी लागणारी ताकद 25 ते 30 टक्के जास्त. पळण्यात असं नाही, तिथे जोर आणि वेग बरेचसे बरोबरीने चालतात. म्हणून सायकलवर शेवटची तीन-चार मिनिटं फार महागात पडतात आणि पळताना तीच मिनिटं स्वस्तात मिळतात. तुम्ही महाग दुकानातून खरेदी करताय.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 2019 च्या ऑक्टोबरात मिरामारला गोव्याची पहिली आयर्नमॅन 70.3 झाली, तेव्हा मी सायकलवर तीन तासांच्या आत यायचंच असं ठरवून बसलो होतो. आलोही. वाटेत पांढऱ्या दाढीच्या एका गृहस्थांना मागे टाकलं आणि खरं सांगतो, मनात त्यांची जरा कीवच आली. पळण्याच्या दुसऱ्या फेरीत मी एका झाडाच्या सावलीत, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा होतो. ते मागून आले, बारीक पावलांनी, एकाच लयीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, उभं राहू नका, चालत राहा." माझ्या खूप आधी ते पोहोचले.

मग डिसेंबरात नाडी 149 असूनही पळण्यात 1:12 का लागले? तुम्ही लिहिलंय की पहिला किलोमीटर 5 मिनिटं 20 सेकंदांत गेला आणि शेवटचे तीन प्रत्येकी साडेसात मिनिटांच्याही वर. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. सायकलवरून उतरल्यावर वेगाचं भान गेलेलं असतं, आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत असतात, 5:20 चा वेग निवांत वाटतो. त्यात तुम्ही संपूर्ण रेसमध्ये एक जेल (साखरेचं घट्ट पाकीट) आणि 750 मिलिलीटर पाणी एवढ्यावर होतात. साडेतीन तासांसाठी हे अगदीच कमी आहे.

खाण्याबद्दल इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे या बाबतीत एकतर उपास असतो, नाहीतर परदेशी पाकिटांचा मारा. तीन तासांच्या वरच्या रेससाठी तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. सरावलेली माणसं 90 पर्यंत जातात, पण त्यासाठी पोटाला सवय लागते. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे 25 ग्रॅम मिळतात. चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू चालतात, फक्त धापेत चावता येतात का ते सरावात पाहून घ्या, मला लाडू कधीच जमला नाही, घशाला चिकटतो. माझी स्वतःची बाटली अजूनही घरचीच असते. 750 मिलिलीटर पाण्यात चार मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि एक लिंबू. त्यात सुमारे 50 ग्रॅम साखर आणि 600 मिलिग्रॅम सोडियम येतं. अशा दोन बाटल्या सायकलवर, आणि घोट दर दहा मिनिटांनी, तहान लागायची वाट न पाहता. सायकलवर पोट शांत असतं, पळताना ते हिंदकळतं, म्हणून भरून घ्यायचं ते सायकलवरच.

पाणी किती प्यायचं, हे मला विचारू नका, वजनकाट्याला विचारा. रेसच्या वेळेच्या उन्हात एक तास सायकल मारा, आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. किलोभर कमी झालं आणि अर्धा लिटर प्यायला असाल, तर तासाला दीड लिटर घाम गेला. तेवढं सगळं भरून काढता येत नाही आणि काढायचा हट्टही करू नका, नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरण्याचा वेगळाच धोका असतो. पण आपण कुठे आहोत ते कळतं. जानेवारीत तुमच्या दोन्ही पोटऱ्यांना गोळे आले, त्याला मिठाची कमतरता कारण असेल असं तुम्ही लिहिलंय. असेलही. माझा संशय मात्र 162 च्या नाडीवर आहे. दमलेला स्नायू आधी वळतो, मीठ नंतर येतं.

मार्चच्या रेसबद्दल आणखी तीन गोष्टी तुमच्याच लिहिण्यात सापडल्या. एक, फेब्रुवारीत तुम्ही आठवड्याचे तास दहावरून तेरावर नेलेत. दोन, झोप साडेपाच तास. तीन, रेसच्या तीन दिवस आधी आत्मविश्वासासाठी म्हणून घाटाची 80 किलोमीटरची राइड मारलीत. शेवटच्या तीन दिवसांत शरीरात काही नवं तयार होत नाही, फक्त थकवा जमा होतो. रेसच्या आधीचे आठ-दहा दिवस एकूण तास जवळजवळ निम्म्यावर आणा, मधे मधे दोन-चार मिनिटांचे वेगाचे तुकडे ठेवा, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. त्या आठवड्यात अंग जड वाटतं, उगाच घसा खवखवतो, गुडघा दुखल्यासारखा होतो. सगळ्यांनाच होतं. दुर्लक्ष करा.

शिवाय मार्चचं ऊन. उन्हात शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि तोच वेग ठेवायला नाडी चढते. उन्हाची सवय होते, पण त्याला दहा-चौदा दिवस लागतात. तुम्ही सगळा सराव पहाटे पाच ते सात करता आणि मार्चमधल्या रेसमध्ये पळायला उतरलात साडेनऊच्या सुमारास. शेवटचे दोन आठवडे तरी शनिवार-रविवारचं पळणं जरा उशिरा घ्या. डोक्यावर टोपी आणि सोबत पाणी असू द्या.

याच कारणासाठी परदेशातल्या हौशी लोकांच्या वेळांशी स्वतःला ताडून बघू नका. तिकडे थंड पाण्यात वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घालून पोहतात. आयर्नमॅनच्या हौशी गटात पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तरच तो चालतो, आणि त्या रबराने पाय आपोआप वर तरंगतात. गोव्याचा समुद्र ऑक्टोबरात 28 अंशांच्या आसपास असतो. तुमचे पाय तुम्हालाच वर ठेवायचेत.

आता सायकलचा प्रश्न. टाइम ट्रायलची सायकल घेऊ का? माझं मत, यंदा नको. हवेचा बहुतांश अडथळा सायकलमुळे नाही, वर बसलेल्या माणसामुळे होतो. पैसे खर्चायचेच असतील तर जाणकाराकडून बाइक फिट करून, म्हणजे सीट-हँडल तुमच्या मापाने लावून, घ्या, चांगले टायर घ्या, आणि आयोजकांना चालत असेल तर हँडलवर एरोबार (कोपर टेकवायचे पुढे आलेले दांडे) लावून त्यावर पडून चालवायची सवय करा. सवय महिन्यांत मोजायची. पाच किलोमीटर झाल्यावर मान आखडली म्हणून उठून बसणार असाल तर बार शोभेचे.

खरी अडचण मला तुमच्या रविवारच्या ग्रुप राइडमध्ये दिसते. तुम्ही लिहिलंत, "ग्रुपमध्ये मी 32 ची सरासरी आरामात ठेवतो." ठेवत असाल, पण दुसऱ्याच्या मागे. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवताना चौथा ते तिसरा हिस्सा ताकद सहज वाचते. ऑलिम्पिकमधल्या ट्रायथलॉनमध्ये तशी मुभा असते, हौशी रेसमध्ये नसते. गोव्याला दोन सायकलींमध्ये 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पेनल्टी. त्यामुळे 32 चा आकडा डोक्यात घेऊन तुम्ही रेसला उतरता आणि एकट्याने तो गाठायच्या नादात 162 वर जाता. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येक चढावर कुणीतरी सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागे. मजा येते, मीही जातो. पण त्याला ट्रायथलॉनचा सराव म्हणू नका. महिन्यातून दोन रविवार ग्रुपला द्या आणि उरलेले दोन एकट्याने, सपाट रस्त्यावर, दोन-अडीच तास, नाडी 145 ते 150, न थांबता. कंटाळवाणं वाटेल. रेसमध्ये तुमचं काम नेमकं तेवढंच आहे.

आठवडा कसा लावायचा, ते तुमच्या बँकेच्या वेळेवर आणि घरच्यांच्या सहनशक्तीवर अवलंबून. मुलांच्या परीक्षा, मार्चअखेरची कामं हे सगळं मी इथून पाहू शकत नाही. पण नऊ तास गृहीत धरले तर तुमच्या चार पळण्यांतलं एक काढून तिसरं पोहणं घालेन. दोनदा पोहण्याने माणूस आहे तिथेच राहतो, तीनदा पोहण्याने सुधारतो, निदान माझा अनुभव तसा आहे. उरलेल्या तीन पळण्यांपैकी एक आठवड्याच्या लांब सायकलीनंतर लगेच, ज्याला आपण ब्रिक म्हणतो. वीस मिनिटं पुरतात. त्या वीस मिनिटांत एकच काम करायचं: पहिले दहा मिनिटं मुद्दाम हळू. तुमच्यासाठी किलोमीटरला 6:30 चा वेग. पाय खोटं सांगतात, घड्याळाचं ऐका. सहा-आठ ब्रिक झाल्या की उतरल्या उतरल्या 6:20-6:30 काय असतं, हे घड्याळ न बघता कळायला लागतं. बाकीची दोन पळणी: एक लांब आणि इतकं सावकाश की सोबतच्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत, दुसरं थोडं जोराचं.

आणि झोप. साडेपाच तासांच्या झोपेवर तेरा तासांच्या सरावापेक्षा सात तासांच्या झोपेवर आठ तासांचा सराव मी कधीही पसंत करेन. चाळिशी ओलांडलीय, तेव्हा सीझन सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणीही करून घ्या. घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर आधी तीच, मग बाकी सगळं.

प्रगती मोजायची कशी, हा तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न आहे. एका रेसची एकूण वेळ दुसऱ्या रेसशी जुळवून काहीच हाती लागत नाही. तलाव वेगळा, वारा वेगळा, कुठे 40 किलोमीटर प्रत्यक्षात 38 भरतात. त्याऐवजी दर सहा आठवड्यांनी घरच्या घरी तीन गोष्टी मोजा. पूलमध्ये 400 मीटर जोरात, पुरेशी विश्रांती, मग 200 जोरात. दोन्ही वेळांमधल्या फरकाचा अर्धा म्हणजे तुमचा 100 मीटरचा टिकाऊ वेग. समजा 400 ला 9:20 आणि 200 ला 4:30 लागले, तर फरक 4:50, अर्धा 2:25. मग सायकल: एकच रस्ता, वारा पडलेली पहाट, 20 किलोमीटर, नाडी 148 च्या वर जाऊ द्यायची नाही, वेळ लिहून ठेवायची. तसंच पळणं 5 किलोमीटर, ठरावीक नाडीवर. तीच नाडी आणि वेळ कमी, म्हणजे काम होतंय. आणि रेसमध्ये एकच आकडा बघा: पळण्याचे शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचच्या तुलनेत किती हळू गेले. पहिल्या सीझनच्या माणसाची सुधारणा मी तिथे शोधतो. जानेवारीत तुमचे पहिले पाच 34 मिनिटांत आणि शेवटचे 46 मिनिटांत गेलेत. हा 12 मिनिटांचा फरक दोन मिनिटांवर आला की एकूण वेळेची काळजी करायचं कारणच उरणार नाही.

जरा बेरीज करून दाखवतो. सरळ पोहलात तर 38 मिनिटं. पहिली ट्रान्झिशन साडेतीन, तुमची मार्चची 3:50 होतीच. सायकल 1:24, म्हणजे जानेवारीपेक्षा साडेतीन मिनिटं मुद्दाम हळू. दुसरी ट्रान्झिशन सव्वादोन. पळणं 63. एकूण 3 तास 11 मिनिटांच्या आत. यात आजच्यापेक्षा जास्त फिटनेस मी कुठेही धरलेला नाही.

ट्रान्झिशनमध्ये तुम्ही 6:40 वरून 3:50 वर आलात, त्याबद्दल फार काही सांगायचं नाही. लवचीक नाड्या आणि नंबरचा पट्टा घेतलाच आहे. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचं बक्कल लागलेलं हवं, हा नियम घाईत लोक विसरतात आणि दंड खातात. घरी सराव करा. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओल्या अंगाने, टॉवेल अंथरून, स्टॉपवॉच लावून करायचो. चौथ्यांदा हेल्मेट घालून पळत सायकलकडे गेलो तेव्हा वॉचमनकाकांनी केबिनमधून बाहेर येऊन विचारलं, "साहेब, कुठं आग लागलीय का?" तेव्हापासून ते माझी वेळ लावून देतात.

गोव्याची हाफ: झेपेल. अंतर 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर, एकूण मुदत साडेआठ तास. पोहणं 54-55 मिनिटांत, सायकल ताशी 26 ने साडेतीन तासांच्या आत, पळणं किलोमीटरला सव्वासात मिनिटांनी दोन तास तेहेतीस. ट्रान्झिशन धरून सात तासांच्या थोडं पुढे. मुदतीचा प्रश्न येत नाही. मात्र जानेवारीसारखी सायकल मारलीत तर 90 किलोमीटरनंतर 21 किलोमीटर चालत काढायचे, आणि तिथे दमट ऊन असतं. सायकल चालू असताना नाडी 145 च्या आसपास ठेवा, चढावर आणि उलट्या वाऱ्यावर लोक पुढे जाऊ द्या. त्याआधी सप्टेंबरपर्यंत एखादी छोटी रेस मिळाली तर तिथे हे पेसिंग, म्हणजे जोर राखून ठेवणं, एकदा करून बघा. जिंकायला नको, फक्त 149 वर राहता येतं का ते बघायला.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मोजे घालावेत की नाही. स्प्रिंटला, म्हणजे ऑलिम्पिकच्या निम्म्या अंतराच्या रेसला, नको, पाच किलोमीटरला पाय सोसतात. दहाला आणि त्यापुढे घाला. आदल्या रात्री मोज्यांत थोडी टाल्कम पावडर टाकून, टाचेपर्यंत गुंडाळून बुटांत ठेवायचे, म्हणजे ओल्या पायावर सरकन चढतात. पंधरा सेकंद जास्त लागतात. एकदा ते पंधरा सेकंद वाचवायला मी मोजे बुटांतच सोडून निघालो होतो, तेही काढून न ठेवता, गोळा तसाच पुढच्या टोकात. दोन किलोमीटरवर थांबून बूट काढले तेव्हा करंगळीचं नख हातात आलं.